शेक संपले, आता कामावर कसं जायचं?

तगर (धागा काढणारी) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. वाचनमात्र बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४३. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत सतरा वर्षं कॅशला बसते. गेल्या दिवाळीनंतर पाळी नसताना अंगावर लाल जायला लागलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, स्टेज २बी. ऑपरेशन नाही केलं. बाहेरून २५ शेक (रेडिएशन), दर आठवड्याला एक अशी केमोची पाच सलाइनं आणि शेवटी आतले शेक. त्याला आता सहा महिने झाले. परवाची तपासणी चांगली आली. घरात पेढे वाटले.

पुढच्या महिन्यात रजा संपते आणि मला झोप लागत नाही. दिवसातून सात-आठ वेळा संडासला जावं लागतं, तेही एकदम. लघवी तासाला. कॅशवर बसलेल्या माणसाला असं उठता येत नाही. पेटी बंद करा, कुलूप लावा, समोर रांग उभी. आमच्याकडे बाथरूम मागच्या अंगणात आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली शिपायाकडे. तो जेवायला गेला की काय करायचं, हा विचार मी दिवसातून दहा वेळा करते.

आणखी एक. माझे केस गेले नाहीत. भेटायला आलेल्या एका सहकारिणीने माझ्याकडे बघून शेजारणीला हळूच विचारलं, "नक्की कॅन्सरच होता ना?" अशा ठिकाणी परत जाऊन काय सांगू आणि किती सांगू?

नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. मुलाचं हॉस्टेल माझ्या पगारावर चालतं. तुमच्यापैकी कुणी परत गेलं का? किती दिवसांनी? की सोडून द्यावी?

---

रानजाई | सोमवार, रात्री १०:१५

तगरताई, सोडू नका. आधी हे सांगते, मग बाकीचं.

मी एसटीत वाहक आहे. माझं आधी ऑपरेशन झालं, मग शेक. आठ महिन्यांनी हजर झाले. पहिल्याच आठवड्यात लांब पल्ल्याची गाडी दिली. साडेचार तास. मला कुठल्या स्टँडवर पाणी असतं, कुठल्या बाथरूमची कडी आतून लागत नाही, कुठे रात्री दिवा नसतो, सगळं पाठ झालं होतं. तरीही एकदा नाही जमलं. गाडीत पन्नास माणसं. ड्रायव्हरदादांनी काही न विचारता धाब्यावर गाडी घेतली आणि प्रवाशांना सांगितलं, "टायर बघतो." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

त्या रात्री ठरवलं की लाजायचं नाही. डॉक्टरांकडून लेखी घेतलं, हलक्या कामाचा अर्ज केला. तीन वेळा परत आला, चौथ्यांदा मंजूर झाला. आता आगारात हिशेबाला बसते. भत्ता गेला, ओव्हरटाइम गेला, पण बाथरूम वीस पावलांवर आहे. उजवा पाय सुजतो, त्यासाठी स्टूल ठेवलंय.

---

बापू_करमाळा | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण जीव वाचला हेच फार झालं. आता कशाला नोकरीची दगदग? घरी राहा, गिरणीवर लक्ष द्या, देवाचं नाव घ्या. माझ्या चुलतीला हाच आजार होता. ती लवकर शेतात जायला लागली आणि खचली. पैसा काय, येतो-जातो.

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ८:३०

बापूकाका, तुमची काळजी खरी आहे, पण ताईंनी हॉस्टेलची फी लिहिलीय ती पुन्हा वाचा. पैसा जातो हे खरं, येतो मात्र काम केल्यावरच.

आणि प्रश्न पैशाचाच नाही. मी वर्षभर घरी होते. "तू बस, आम्ही करतो" हे ऐकून ऐकून मी माझ्याच घरात पाहुणी झाले. भाजी कुठली आणायची हेही कुणी विचारेना. पुन्हा शिवणाचं मशीन उघडलं, पहिला ब्लाउज उसवून दोनदा शिवला, आणि गिऱ्हाईक म्हणाली "बाही जरा घट्ट झाली". इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी माझ्याशी माणसासारखं भांडत होतं.

---

लिनॅक | मंगळवार, दुपारी १:२०

मी रेडिओथेरपीच्या मशीनवर तंत्रज्ञ आहे. रोज या बायकांना टेबलावर झोपवतो, म्हणून चार गोष्टी लिहितो. औषधं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

पिशवीच्या तोंडाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय. दोन्ही चिकटूनच. शेक कितीही नेमका दिला तरी त्यांना थोडा लागतोच. आतड्याचं अस्तर हुळहुळं होतं, मूत्राशय आखडतं. म्हणून घाई लागते. तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही तो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ऑपरेशननंतर शेक घेणाऱ्या बायकांमध्ये दोन पद्धतींची तुलना केली होती, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत जवळपास ४२ टक्के बायकांना आतड्याचा जाणवण्याइतका त्रास राहिला, नव्या नेमक्या पद्धतीत २१ टक्के. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या मशीनवरही पाचातल्या एकीला. तगरताई, तुम्ही एकट्या नाही.

केसांचं कोडंही सोपं आहे. तुम्हाला दर आठवड्याला दिलेलं औषध बहुधा सिस्प्लॅटिन असणार. त्याने सहसा सगळे केस जात नाहीत, आणि शेकाने केस जातात ते फक्त शेक दिलेल्या जागेचे. डोक्यावर केस आहेत म्हणून आजार लहान, असं काही नसतं.

एक चूक करू नका. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं सोडू नका. आमच्याकडे अशा बायका लघवीच्या जंतुसंसर्गाने तापलेल्या येतात. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, हळूहळू रोखण्याची ताकद येते. दूध कमी करून पाहा, काहींना फरक पडतो. पुढेमागे संडासवाटे रक्त गेलं तर घाबरून घरी बसू नका, दाखवा. दर वेळी आजार उलटलेला नसतो. आणि दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरला शेक घेतल्याचं आधी सांगा. त्या जागेचा तुकडा उगाच काढला तर जखम भरायला फार वेळ लागतो.

---

कोरांटी | मंगळवार, दुपारी ३:४५

मी आईसाठी लिहितेय. आम्ही सोलापूरचे, आई विड्या वळते. तिला रजा नाही, हजर होणं नाही, अर्ज नाही. हजार विड्यांमागे पैसे. आजाराआधी दिवसाला हजार सहज व्हायच्या, आता चारशे. मांडी घालून सूप मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि तासाभरात कंबरेखाली आग होते. पान भिजवून कापून ठेवलं आणि मध्येच उठावं लागलं की पान वाळतं, मग ते फुकट.

महात्मा फुले योजनेत उपचार झाले, दवाखान्याचं बिल आलं नाही. पण घरात जे आलं नाही त्याचं काय? उपचाराच्या तीन महिन्यांत तिच्या हातचं काम शेजारणीला गेलं. ते परत मिळवायला आणखी चार महिने गेले.

---

गुरुजी_भूम | मंगळवार, रात्री ८:१०

मनात बरेच दिवस साचलेलं लिहितो. एका शाळेत होतो, तिथे पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना हा आजार झाला. बऱ्या होऊन परत आल्या तर चार पालक उभे राहिले. "शेक घेतलेल्या बाईच्या हातची खिचडी पोरांना नको." बैठक झाली, आणि बाईंना 'विश्रांती' दिली. मानधन आधीच तुटपुंजं, तेही गेलं. मी बैठकीत होतो आणि गप्प बसलो. बाई घरी जाताना भांडी घासून, पालथी घालून गेल्या.

लिनॅक, मला एकदा नीट सांगा. यात तथ्य काय?

---

लिनॅक | मंगळवार, रात्री ८:५५

काही नाही, गुरुजी. बाहेरचा शेक मशीन बंद झालं की संपतो, टॉर्च विझवल्यावर भिंतीवर उजेड राहत नाही तसा. आतल्या शेकात इरिडियमचा बारीक तुकडा नळीतून काही मिनिटं आत जातो आणि मशीनमध्ये परत येतो. बाई खोलीबाहेर येते तेव्हा तिच्या अंगात काहीही उरलेलं नसतं. हातातून, अन्नातून, कपड्यातून काही लागत नाही. हवं तर हे वाक्य छापून शाळेत लावा.

---

गुरुजी_भूम | मंगळवार, रात्री ९:२०

लावतो. आणि त्या बाईंकडे जाऊन येतो.

---

डॉ_बालाघाट | बुधवार, सकाळी ६:५०

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात प्रॅक्टिस करतो. हा आजार वेळेत सापडला तर बाईचं काम तुटत नाही, हे आमच्या भागाने जगाला दाखवलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विषाणूमुळे हा आजार होतो त्या एचपीव्हीची एकच तपासणी, आयुष्यात एकदा, आणि या आजाराने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव जाऊन हे काम केलं. कॅन्सर व्हायच्या आधीच्या अवस्थेत सापडलं तर जाळून किंवा छोटा तुकडा काढून भागतं, बाई आठवड्याभरात कामाला.

याच भागाची दुसरी बाजूही लिहायला हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१९ च्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणींना "पुढे कॅन्सर होईल" हेच सांगितलं होतं. पांढरं जातंय म्हणून पिशवी काढणं हा कॅन्सरचा इलाज नव्हे. पण दुखणं काढलं तर खाडा, खाड्याला दंड, त्यापेक्षा पिशवीच काढलेली बरी, हे गणित त्या बायकांच्या माथी मारलं गेलं.

ज्यांना खरंच कॅन्सर झाला त्यांचं काय होतं? ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. बाई उठू शकली नाही तर अर्धा नव्हे, पूर्ण कोयता मोडतो. मुकादम उचल देत नाही. माझ्याकडे एक बाई तपासणीला येते, चार वर्षं झाली, आजार नाही. मागच्या हंगामात नवऱ्याने भावजयीबरोबर कोयता लावला आणि ही मागे गावात, लेकरं आणि म्हातारी सांभाळत. ती मला म्हणाली, "डॉक्टर, मी बरी झाले पण घरात माझा कोयता राहिला नाही." तिला मी काय उत्तर देणार होतो?

---

वाचनवेडा | बुधवार, सकाळी १०:३०

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. २००९ मध्येच ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांत बेरोजगार ३३.८ टक्के, निरोगी लोकांत १५.२. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये ४९.१ टक्के, म्हणजे जवळपास निम्म्या. पण हे आकडे मुख्यतः अमेरिका आणि युरोपातले, पगारी नोकऱ्यांचे. विड्यांचं सूप आणि मोडलेला कोयता त्यात नाही. आपल्याकडे या बायका 'बेरोजगार' म्हणूनही मोजल्या जात नाहीत, कारण त्यांना कामगारच कुणी म्हणत नाही.

---

लेस्टरची_लेक | बुधवार, दुपारी ४:००

मी इंग्लंडमध्ये एका वाचनालयात काम करते, तीन वर्षांपूर्वी हेच झालं. इथे २०१० च्या समानता कायद्यात कॅन्सरचं निदान झालेल्या दिवसापासून माणसाला अपंगत्वाचं संरक्षण मिळतं. मालकाला कामात वाजवी बदल करावेच लागतात. मी आधी आठवड्यातून दोन अर्धे दिवस, मग तीन, असं चार महिन्यांत पूर्णवेळ झाले. जागा बाथरूमजवळची मागितली, एका ईमेलवर मिळाली.

सगळं गोड नाही. थकवा मला दोन वर्षं होता आणि साहेबांना तो तीन महिन्यांत संपायला हवा होता. पण कागदावर हक्क असला की बोलताना आवाज कापत नाही.

---

चाकण_युनियन | बुधवार, संध्याकाळी ७:३०

आपल्याकडच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात कॅन्सर नाही. म्हणून लेस्टरताईंसारखं थेट बोट ठेवता येत नाही. पण हात अगदीच रिकामे नाहीत.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात. कॅन्सर ३४ गंभीर आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर ८० टक्के, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. आमच्या कारखान्यातल्या एका ताईंनी हे माहीत नसल्याने राजीनामा देऊन टाकला होता. कुणीही कागद बघितल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तगरताई, तुमच्या पतसंस्थेत ईएसआय लागू आहे का ते पगारपत्रकावर बघा.

आणि त्या किल्लीचं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही अट दहाची होती) स्वच्छतागृहाची पुरेशी सोय करणं २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. कुलूप लावून किल्ली फिरवत ठेवणं म्हणजे सोय नव्हे.

उपचाराला लांब जाणाऱ्यांसाठी: रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्यालाही सवलत. दवाखान्यातून त्यांच्या नमुन्यातला दाखला घ्या.

---

हर्षू | बुधवार, रात्री १०:०५

थोडं अवांतर. हा आजार व्हायरसने होतो म्हणतात. म्हणजे बाहेरून कुठूनतरी आला ना? आमच्या चाळीत एका बाईबद्दल लोक काय काय बोलतात.

---

डॉ_बालाघाट | गुरुवार, सकाळी ७:१५

हर्षू, विचारलंस ते बरं केलंस. एचपीव्ही संबंधातून येतो हे खरं. पण लग्न झालेल्या, एकच जोडीदार असलेल्या बहुतेक माणसांनाही तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो, पुरुषांनाही, आणि बहुधा आपोआप जातो. काहींच्यात तो वर्षानुवर्षं राहतो आणि त्यातून कॅन्सर होतो. सर्दी कुणाला झाली यावरून आपण चारित्र्य ठरवत नाही. चाळीत हे तूच सांग.

लेकीला लस देता येते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली. ९ ते १४ हे उत्तम वय.

---

शेवंती | गुरुवार, सकाळी ९:००

माझ्या दोन्ही पुतण्यांना दिली. धाकटी म्हणाली, "काकू, दुखलं तर चॉकलेट दोन." दोन डोस, चार चॉकलेटं झाली.

---

अनामिका_७ | गुरुवार, रात्री ११:३०

या धाग्यासाठी वेगळा आयडी घेतला. नोकरीवर परत गेले, जमलं. घरात नाही जमलं. शेकानंतर जागा आखडते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जवळ येणं म्हणजे दुखणं. पाळीही ३६ व्या वर्षी गेली, रात्री घाम, चिडचिड. नवरा समजूतदार आहे, पण आम्ही दोघंही त्यावर बोलत नाही. दिवसभर ऑफिसात हसून काम करते आणि घरी जायची वेळ आली की छातीत धडधडतं. हेही 'बरं होण्या'त धरायचं का?

---

रानजाई | शुक्रवार, पहाटे ५:४०

धरायचं, बाई. नक्की धरायचं. मलाही तसंच होतं. आमच्याकडच्या सिस्टरने एक गुळगुळीत नळीसारखं साधन दिलं, डायलेटर म्हणतात. आठवड्यातून ठरावीक दिवस, जेल लावून, घाई न करता. पुढच्या तपासणीला सिस्टरला विचार, डॉक्टर पुरुष असले आणि लाज वाटली तरी सिस्टरला विचार. घामाचंही सांग, कमी वयात पाळी गेली तर हाडांकडे लक्ष द्यावं लागतं. आणि नवऱ्याला हा धागा वाचायला दे, बोलावं लागणार नाही.

---

बापू_करमाळा | शुक्रवार, सकाळी ८:२०

सगळं वाचलं. चुलती शेतात गेल्यामुळे खचली असं मी लिहिलं. काल चुलतभावाशी बोललो. तो म्हणाला, तिला दिवसभर वावरात आडोसा नव्हता म्हणून ती पाणीच प्यायची नाही, आणि अंगाला जड वाटतंय हे कुणाला सांगायची नाही. आम्ही समजलो, काम झेपलं नाही. तगरताई, माझा सल्ला मागे घेतो.

---

तगर | पुढचा बुधवार, रात्री ९:१०

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही. दोनदोनदा वाचलं सगळं.

ईएसआय आमच्याकडे नाही, बघितलं. पण चाकणदादांनी लिहिलेला कायदा आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन सोमवारी सचिवांकडे गेले. आजाराचं नाव घेऊन बोलले. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, शेक झालेत, आतडं हुळहुळं आहे, मला दिवसात आठदा उठावं लागेल. इतकंच. सचिव माझ्या वडिलांच्या वयाचे. आधी टेबलाकडे बघत होते, मग म्हणाले, "आमच्या घरातही झालं होतं, पण आम्ही कधी असं बोललो नाही."

ठरलं ते असं. पहिले दोन महिने अर्धा दिवस, अर्धा पगार. कॅश नाही, कर्जखात्याला बसायचं, तिथून उठता येतं. सहा महिन्यांनी कॅशचं बघू. कॅशचा भत्ता जाईल, हे मला टोचतंय आणि ते मी सोडणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा विचारणार. "नक्की कॅन्सरच होता ना" म्हणणाऱ्या सहकारिणीला लिनॅकदादांचा केसांचा परिच्छेद वाचून दाखवला. ती रडली. मग आम्ही चहा प्यायलो.

आणि बाथरूमची दुसरी किल्ली करून घेतली. ती माझ्या पर्समध्ये आहे. एक तारखेला हजर होतेय.

---

रानजाई | पुढचा बुधवार, रात्री ९:२५

कडी आतून लागते का ते आधीच बघून घ्या. आणि पर्समध्ये एक जादा परकर.